येण्याचे कारण

३ जून १९५७, सोमवार
रिटायर होऊन तीन महिने झाले. सिंदी स्टेशनच्या मालधक्क्यावर बत्तीस वर्षं रुईच्या गाठींची नोंद केली. आता ती दुसरा कोणी करतो. वाईट वाटत नाही. काहीच वाटत नाही. हे प्रकृतीचं चांगलं लक्षण असावं.
पेपरात मोठा लेख आला आहे. जगभर माणसं नुसतं बघायला म्हणून फिरू लागली आहेत. त्यांना टूरिस्ट म्हणतात. दरवर्षी वाढताहेत. गोरे लोक मुंबईहून मेलनं वर्ध्याला उतरतात, सेवाग्रामचा आश्रम बघतात आणि नागपूरकडे निघतात. म्हणजे सिंदीवरूनच जातात! आपण त्यांना उतरवून घेत नाही. याला कारण मॅनेजमेंटचा अभाव.
संकल्प: सिंदी टूरिस्ट होम. प्रोप्रायटर, रूपराव.

६ जून
खोली ठरली. घरात हवेशीर खोली एकच, स्वयंपाकाची. दोन खिडक्या, पूर्वेचा उजेड. चूल मागच्या छपरीत हलवली. सुलोचनानं विचारलं, पाणीपाऊस आला म्हंजे मी रांधू कुठं? जगाकडे बघायला शीक, असं मी तिला सांगितलं. तिनं छपरीकडे बघितलं.
लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तिच्याकडे दृष्टी नाही.

८ जून
पलंग, टेबल, खुर्ची, आरसा. पांढरी चादर. पाटा-वरवंटा पलंगाखाली सारला, जड आहे, इतक्यात कुठे हलवणार. सुलोचनानं खोली सारवून दिली. सारवताना काही बोलली नाही. संमती समजलो.

१२ जून, सकाळी
बोर्ड तयार. शाळेतले गुलाबमास्तर शेजारीच राहतात, अक्षर मोत्यासारखं. इंग्रजीत वर, मराठीत खाली. रंगवत असताना त्यांना टूरिझम समजावून सांगितला. म्हटलं, मास्तर, गेल्या ऑक्टोबरात तुम्ही दीक्षेला नागपूरला गेलात, लाखो माणसं इथून गेली, तेव्हा आपलं होम असतं तर? मास्तर ब्रश न थांबवता म्हणाले, रूपरावजी, आमी पाहाले नाई गेलतो. आमी बदलाले गेलतो.
विषय त्यांच्या लक्षात आला नाही. बोर्ड मात्र उत्तम झाला.

१९ जून, बुधवार
पाऊस. छपरी गळते. सुलोचनानं तीनदा चूल पेटवली, तीनदा विझली. चौथ्यांदा पेटवली नाही. तिथेच पाटावर बसून राहिली. खोलीत जाऊन रांध म्हणावं असं वाटलं होतं. पण भिंतीला चुना नवा होता.
दुपारी तिचा भाऊ पुंडलिकराव अल्लीपूरहून आला. छपरी बघितली, मला बघितलं. सुलोचना त्याला म्हणाली, चार दिवस माहेरी येते. जाताना दारात थांबून म्हणाली, आठ दिवसानं न्याले येजा.
आमच्याकडे रीतच आहे. माहेरी गेलेली बाई आपल्या पायांनी परत येत नाही, नवऱ्यानं न्यायला जायचं असतं. २७ तारखेवर खूण केली.

२७ जून
जायचं होतं. पण सकाळीच विचार आला, नेमका आज कोणी उतरला आणि होमला कुलूप असलं तर? पहिलं इम्प्रेशन. गेलो नाही.
वेळ फुकट घालवला नाही. रजिस्टर आखलं. नाव, गाव, येण्याचे कारण, जाण्याची तारीख, अभिप्राय. रेघा लाल शाईनं. भात लावला, करपला. खाल्ला.

४ जुलै
स्टेशनमास्तर महादेवराव म्हणाले, मेल सिंदीला थांबत नाही.
हे मला बत्तीस वर्षं ठाऊक आहे. पण या बाजूनं कधी विचार केला नव्हता.
रेल्वेला अर्ज टाकला. उत्तर येईपर्यंत प्रचारावर भर.

११ जुलै
मेलच्या वेळेला बोर्ड घेऊन प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो. मेल धडधडत गेली. तिसऱ्या डब्याच्या खिडकीत एक गोरी बाई होती. तिनं बोर्डाकडे पाहिलं. निदान तोंड या दिशेला होतं. संपर्क झाला असं म्हणायला हरकत नाही. आता रोज जाणार.
आता दिवसाला वेळापत्रक आलं आहे. सकाळी झाडणे. दुपारी मेल. संध्याकाळी काही नाही.

१८ जुलै
पुंडलिकरावाचं कार्ड. बहिणीच्या नवऱ्याला तिकडे भाटवे म्हणतात, तशीच सुरुवात. भाटवे, महिना झाला, बाई रोज दुपारची मोटर आली की दारात येऊन उभी राह्यते. मोटर गेली की आत जाते. तुमी तिले काऊन नेऊन नाई राह्यले?
उत्तर लिहिलं: सीझनची तयारी चालू आहे, दम धरावा. रोज गाडीची वाट बघत उभं राहणं बरं नव्हे, असंही लिहिलं. पेटीत टाकून तसाच मेलला गेलो.

२८ जुलै, रविवार
पलंगाची चादर बदलली. दर रविवारी बदलतो. कोणी झोपलेलं नाही, पण नियम तो नियम. मी ओसरीत झोपतो. जेवण छपरीत, भिंतीला पाठ लावून बसलं की एका बाजूनंच भिजतो.
मसाल्याचा डबा सापडत नाही. नुसतं मीठ घालतो. चवीत फरक कळत नाही.
रेल्वेचं उत्तर नाही.

१२ ऑगस्ट
मोठी कल्पना! गोऱ्या माणसाला बघायला काहीतरी पाहिजे. सिंदीचा तान्हा पोळा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडाचे नंदी सजवून मिरवतात, काही नंदी तर दोन माणसांनी ओढायचे. असं जगात कुठे असेल? वर्ध्याच्या दोन लॉजांना पत्रं लिहिली, तुमच्याकडचे टूरिस्ट २६ ला इकडे पाठवा.
पुंडलिकरावाचं पुन्हा कार्ड. सणाले बाई तिच्या घरी पाह्यजे, पोळ्याआधी या. कळवलं: पोळ्यालाच तर गर्दी. पोळा झाला की लगेच येतो.
या वेळी खरंच जाणार आहे.

२६ ऑगस्ट, सोमवार. तान्हा पोळा
पॅसेंजर खच्चून भरून आली. चहूकडून माणसं. नंदींना घुंगरू, आरसे, कागदी झुली. मी बोर्ड घेऊन फाटकाशी. गोरा कोणी नाही. एक उंच माणूस लांबून गोरा वाटला, तो सेलूचा कापसाचा दलाल निघाला.
दुपारी सुलोचनाची मावसबहीण मीराबाई, नातवंडांना घेऊन दारात. पोरं तहानलेली. म्हणाली, घडीभर टेकतो, भाऊजी. खोली रिझर्व्ह आहे असं मी सांगितलं. सगळी अंगणात उभ्यानंच पाणी प्यायली. मीराबाईनं खिडकीतून आत बघितलं, चादरीवर सुरकुती नव्हती. म्हणाली, सुलोचना कुठी आहे? माहेरी, म्हटलं. तिनं पोरांचे हात धरले आणि निघाली.
आजपर्यंत आमच्या दारातून पाहुणा उभ्यानं परत गेला नव्हता. नोंद म्हणून लिहितो.

२९ ऑगस्ट
जाणार होतो. रेल्वेचं उत्तर येईल म्हणून पोस्टमनची वाट बघितली. उत्तर आलं. नाही म्हणतात.

१ सप्टेंबर, रविवार. संध्याकाळी
घडलं तसं लिहितो.
चादर बदलली. मेल गेली. बोर्ड खाली ठेवणार तेवढ्यात पॅसेंजर आली. एक बाई उतरली, हातात कापडी पिशवी, बरोबर कोणी नाही. सुलोचना. वर्ध्यापर्यंत मोटरनं आली म्हणे, पुढं पॅसेंजर. एकटी. तिनं बोर्ड सावकाश, वरपासून खालपर्यंत वाचला. मग पुढे चालू लागली. मी मागून, बोर्ड घेऊन.
घरी आली. छपरीत गेली, चुलीकडे बघून परत आली. खोलीच्या दारात उभी राहिली. विचारलं, खोली खाली आहे काय?
मी म्हणालो, आधी रजिस्टर.
कसं तोंडून निघालं कळत नाही. बत्तीस वर्षांची सवय. सुलोचना माझ्याकडे बघत राहिली. मग खुर्चीवर बसली. चौथीपर्यंत शिकली आहे, एकेक अक्षर लावून लिहिते. मी दौत धरून उभा. लिहून झालं तेव्हा वाकून पलंगाखालून मसाल्याचा डबा काढला. तो पाट्यामागे होता. पिशवीत ठेवला. पाटा-वरवंटा कोणाच्या हाती मागवून घेईन म्हणाली.
चहा ठेवतो, म्हटलं. ती गेल्यावर आणलेला रॉकेलचा स्टोव्ह छपरीत पेटेना. ती म्हणाली, राहू द्या, पाच वाजताची गाडी आहे.
स्टेशनपर्यंत गेलो. गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून बोर्डाकडे बोट केलं. म्हणाली, हे धरून कायले आले? बघतो तर बोर्ड माझ्या हातातच होता. गाडी सुटली. हात वर करायला मोकळा नव्हता.
परत आल्यावर पहिलं काम, चूल आत आणायची. दोन्ही हातांनी उचलली. पावसाळाभर भिजलेली माती. तुकडे होऊन हातात आली.
मग रजिस्टर उघडलं. पहिल्या ओळीत तिचं अक्षर.
नाव: सुलोचना. गाव: अल्लीपूर. येण्याचे कारण: न्यायला कोणी आले नाही म्हणून. जाण्याची तारीख: आजच. अभिप्राय: खोलीत उजेड चांगला येतो.
वाईट वाटलं. आज वाटलं.
गावाच्या रकान्यात अल्लीपूर खोडून सिंदी लिहावं असं मनात आलं, लेखणी बुडवलीही. पण बत्तीस वर्षांत रजिस्टरात खाडाखोड केलेली नाही. तसंच ठेवलं.