वाढतं अंग, दीड इंच

४ तारीख, मंगळवार

आज मी पुतळा झाले!

मी कामाला आहे त्या शिवणाच्या दुकानातल्या पुतळ्याचा पाय मोडलाय. सौंदर्यस्पर्धेच्या एका मुलीचा लांब निळा ड्रेस तयार होता, पण ती ट्रायलला आलीच नाही. मास्तर म्हणाले, “सुई, तू घाल. तुझ्याच मापाची आहे ती.” (मला सगळे सुई म्हणतात. बारीक आहे म्हणून. आणि आवाज येत नाही म्हणून.)

घातला. संयोजक बाई खुर्चीत बसल्या होत्या, चष्मा कपाळावर. म्हणाल्या, “आरशापर्यंत चाल बरं. घेर कसा पडतो बघू.”

कटिंगच्या टेबलापासून आरशापर्यंत चार पावलं. चालले. बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. मग पर्समधून एक कागद काढला – “हा फॉर्म. भरून टाक. पंधरा शेवटची तारीख.”

मशीनवरची ताई हसून हसून दोरा तोडून बसली. “ही? हिला गिऱ्हाईकाने नाव विचारलं तर ही पडद्यामागे जाते!”

खरंय ते. तरी फॉर्म घेतला. का घेतला काय माहीत.

५ तारीख, बुधवार

फॉर्म डब्याच्या पिशवीत आहे. अठराच्या आतल्या मुलींना पालकाची सही लागते. आई सही करणं शक्यच नाही.

आईच्या कपाटात पेपरचं एक जुनं कात्रण आहे. हॉलच्या दारात दहा-बारा बायका हाताची साखळी करून उभ्या, मधोमध आई, हातात पुठ्ठा – ‘आम्ही म्हणजे माप नाही’. त्या वर्षी ही स्पर्धा बंद पडली, ती थेट या वर्षी परत सुरू होतेय. आईनेच पाडली बंद! आणि मी तिच्याकडे सही मागू?

७ तारीख, शुक्रवार

बाई परत आल्या. मी काज करत होते, माझ्या शेजारीच येऊन बसल्या. म्हणे, “आता पूर्वीसारखं नाही गं. मापं नाहीत, स्विमसूट नाही. आत्मविश्वास बघतो आम्ही.”

मग फॉर्मवर उंची का विचारलीय? आणि दोन फोटो, एक पूर्ण उंचीचा, ते कशाला? आत्मविश्वास पायापर्यंत असतो का?

हे सगळं मनात. तोंडाने फक्त “हं”.

बाई गेल्यावर मास्तर म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या वेळी पोरी पडद्यामागे उभ्या राहायच्या. खाली फक्त घोटे दिसायचे. परीक्षक घोट्यांना मार्क द्यायचे!

ताई – “आणि चेहरा?”

“चेहरा दाखवणं तेव्हा वाईट समजायचे.”

“घोटे चालायचे?”

“घोटे चालायचे.”

दिवसभर मी स्वतःच्या घोट्यांकडे बघत होते. मला तर सगळ्यांचे सारखेच वाटतात.

८ तारीख, शनिवार

एक गोष्ट लिहून ठेवते, नंतर विसरेन. आठवीत मराठीच्या बाईंनी वाचायला उभं केलं होतं. तोंडातून शब्दच येईना. पाच मिनिटं तशीच उभी. सगळा वर्ग बघतोय. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलेच नाही. आई ओरडली, रडली, मग थकली.

आणि मंगळवारी ती चार पावलं चालताना तीन माणसं बघत होती, आणि मला पळून जावंसं वाटलं नाही.

एवढंच. बाकी मला मुकुटबिकुट नकोय. बहुतेक.

१० तारीख, सोमवार

बाईंना हॉलबाहेर प्रदर्शन मांडायचंय. जुने फोटो, विजेत्यांचे पट्टे, काय असेल ते द्या म्हणाल्या. मास्तरांनी मला माळ्यावर चढवलं. जुन्या मापांच्या वह्या काढल्या, धुळीने शिंकून शिंकून जीव गेला.

पूर्वी स्पर्धेची मापं आमच्याच दुकानात घ्यायचे. वही हॉलवर जायची आणि स्टेजवर मुलगी आली की लाउडस्पीकरवरून आकडे वाचायचे. छाती इतकी, कमर इतकी – सगळ्या गावासमोर!

एका वहीत बारा मुली. नऊ नंबरला आईचं नाव. माहेरचं.

तीनदा वाचलं. वय सतरा. पत्ता आजोबांचा. आईच!

कमर – साडेपंचवीस. आणि आकड्यापुढे टिंब.

१० तारीख, नंतर

टिंब मला पहिल्याच दिवशी शिकवलंय मास्तरांनी. “वाढतं अंग, दीड इंच.” अठराच्या आतली मुलगी असली की कपडा वर्षभर पुरावा म्हणून दीड इंच वाढवून लिहायचं आणि पुढे टिंब द्यायचं, म्हणजे कापताना कळतं.

बाकी अकरा जणींपुढे टिंब नाही. त्या सगळ्या मोठ्या होत्या, आणि कमर चोवीसच्या वर एकीचीही नाही.

म्हणजे आईची कमर चोवीस होती. वाचली साडेपंचवीस.

११ तारीख, मंगळवार

वही मास्तरांसमोर धरली. बोट टिंबावर.

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. ते कात्री कधीच खाली ठेवत नाहीत.

“हात सवयीने गेला,” म्हणाले. “कपडा शिवायचाच नव्हता, नुसतं माप द्यायचं होतं. स्टेजवर आकडा वाचला तेव्हा ध्यानात आलं. मागून कुणीतरी ओरडलं – दीड वाटी कमी जेव गं! सगळा हॉल हसला. ती तशीच मागे वळून उतरली.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही?” हे मी बोलले. मोठ्याने! ताईची मशीन थांबली.

“सांगणार कुणाला? हसून झालं होतं.”

मग कात्री परत उचलता उचलता – “तू कामाला आलीस तेव्हा आईचं नाव विचारलं होतं मी. त्यानंतर काही विचारलं का? उद्यापासून ये म्हटलं.”

मला वाटायचं माझा हात चांगला आहे म्हणून ठेवलं!

१२ तारीख, बुधवार

आता सगळंच वेगळं दिसतंय. आई कधी टेप लावून घेत नाही. स्वतःचे कपडे स्वतः शिवते, अंदाजाने, ढगळ. दोन माणसं मावतील असे. डबा द्यायला येते तर रस्त्याच्या पलीकडे उभी राहते. मीच जाऊन घ्यायचा. दुकानाची पायरी तिने एकदाही चढलेली नाही. मला वाटायचं गुडघे दुखतात.

सांगू का? सांगितलं तर बरं वाटेल की जास्त वाईट? आणि सांगितलं की लगेच फॉर्म पुढे करायचा? शी. लाच दिल्यासारखं होईल ते.

१३ तारीख, गुरुवार

सांगितलं.

आई वाळलेले कपडे घडी करत होती. मी म्हटलं, “आई, चोवीस होतं. साडेपंचवीस नव्हतं.”

कशाबद्दल ते तिने विचारलंच नाही. इतक्या वर्षांनी! घडी घालतच राहिली. मी टिंबाचं सगळं सांगितलं.

“म्हणजे दीड इंचासाठी मी हॉलच्या दारात जाऊन उभी राहिले?” असं म्हणून हसली. मग हसणं थांबलं. “नाही गं. चोवीस वाचलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. मग दुसऱ्या कुणा साडेपंचवीसवालीला हसले असते. आणि त्यांच्यात मी पण हसले असते.”

“मग बरं झालं का वाईट झालं?”

“मला काय माहीत! मी अजून ठरवतेय.”

मला वाटायचं मोठ्या माणसांचं ठरलेलं असतं.

मग हात न थांबवता म्हणाली, “पिशवीतला कागद मी पाचलाच बघितलाय. डबा धुताना. वाट बघत होते कधी बोलतेस.”

मी एक टॉवेल उचलून घडी घालायला घेतला.

“तुला जायचंय का? मला सांगू नकोस. आधी स्वतःला सांग.”

मी चार पावलांचं सांगितलं. तेवढंच होतं सांगण्यासारखं. आई माझ्याकडे बघत राहिली. माझा शर्ट दोनदा घडी केला.

१४ तारीख, शुक्रवार

फॉर्म पिशवीत नाही. आईने काढून घेतला. फाडला असेल?

विचारायचं धाडस नाही. राग आलाय आणि सुटल्यासारखंही वाटतंय. दोन्ही एकदम कसं येतं?

आज काज तीनदा चुकले. मास्तर रागावले नाहीत. ते रागावत नाहीत त्याचा आता जास्त त्रास होतो.

१५ तारीख, शनिवार

दुपारी आई आली. रस्ता ओलांडला. पायरी चढली.

मास्तर उठून उभे राहिले. “मी तेव्हा –” एवढंच म्हणाले. आई म्हणाली, “माहितीय. आता जरा बाहेर थांबता का?” मास्तर स्वतःच्या दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

आईने टेबलावर माझा फॉर्म ठेवला. खाली सही. मग मला म्हणाली, “घे माप. तुला बघायला पहिल्या रांगेत बसायचं, तर अंगाला बसेल असं काहीतरी शिव.” आणि दोन्ही हात बाजूला केले.

टेप तिच्या कमरेभोवती धरली. आकडा कळला. वही उघडी होती.

लिहिला नाही. लक्षात ठेवलाय.