एका नोकरीचा पगार

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आधी आईचा आशीर्वाद घे, माझा नमस्कार मागून, कारण ती शेजारी बसून मी काय लिहितेय ते बघतेय. तिचा गुडघा तसाच आहे. जिना चढताना देवाला नावं ठेवते आणि उतरताना डॉक्टरांना. माझं दातांच्या दवाखान्यातलं काम बरं चाललंय. दिवसभर लोकांना "आ करा, आ करा" म्हणते, त्यामुळे घरी कोणी तोंड उघडलं की नको वाटतं.

तुझं पत्र मिळालं. एवढं फोनवरही विचारता आलं असतं, पण तू लिहून मागितलंस तेव्हाच ओळखलं की माझा कागद फायलीला लागणार. नव्याने भरती होणाऱ्या पोलिसाला सुरुवातीला किती पगार असावा हे ठरवणाऱ्या समितीचा तू सचिव झालास, हे आईने जिन्यातल्या सगळ्यांना सांगून झालं आहे. घरात सख्खा भाऊ पोलीस असताना तू त्याला न विचारता मला विचारतोस, यावर मी काही बोलत नाही. भरतीचा अर्ज भरला त्या दिवशी तू त्याला जे बोललास, ते तोही विसरला नाही आणि तूही विसरायला तयार नाहीस. एकाच आईची पोरं तुम्ही. मी आपली मधली, दोन्हीकडून ओढली जाणारी.

तर आता मी डोळ्यांनी बघितलेलं सांगते.

गणवेश सरकार देतं. बूटही देतं, पण ते घालून चौकात दिवसभर उभं राहणारा माणूस बूट निवडणाऱ्यांनी बघितलेला नसावा. म्हणून बूट धाकटा स्वतःचे घेतो. राहायचं पोलीस ठाण्याच्या हद्दीत, असा नियम, आणि हद्द नेमकी बाजारपेठेची. घरमालक म्हणतो, पोलीस भाडेकरू असला की चोरीची भीती नाही. भाडं मात्र असं घेतो की चोर परवडला. ड्यूटी कागदावर आठ तासांची. त्यानंतर कोणी मोठा माणूस गावात येतो, कुठे मोर्चा निघतो, कुणी आजारी पडतं, आणि सुट्टी रद्द. त्याचं बाळ त्याला बघून रडतं आणि दूधवाल्याला बघून हसतं, कारण दूधवाला रोज दिसतो.

तुझ्या समितीतले ते निवृत्त साहेब म्हणतात ना, की एका जागेला इतके अर्ज येतात त्या अर्थी पगार पुरेसा आहे? त्यांना एकदा आमच्या दवाखान्यात पाठव. आमच्याकडेही सकाळपासून रांग असते. म्हणून काही ती खुर्ची आरामाची होत नाही.

शेवटी तू विचारलंयस, तो नोकरीत समाधानी आहे का. तो सध्या घरीच असतो. मनगटाला थोडं लागलंय. बाळाला खेळवतो. बाकी ठीक.

तुझी,
मधली


२१ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं उत्तर आलं. माझं पत्र तुला आवडलं, बुटांचा मजकूर वाचून तुमचे अध्यक्ष हसले, वाचून बरं वाटलं. पुढे तू लिहिलंस की एका सदस्याच्या मते बरेचसे तरुण शिपाई फावल्या वेळात बाहेर कामं करतात, आनंदाने करतात, तेव्हा मूळ पगार फार वाढवायची गरज नाही. आणि मला विचारलंस, "आपल्या धाकट्याचं असं काही आहे का? खात्री करून कळव."

हे वाचलं आणि मी पत्र उशीखाली ठेवून दिलं. आज आई गुडघा दाखवायला गेली आहे, म्हणून बसले लिहायला. तुला कळवायचं नाही, असं तिने मला बजावलं होतं. म्हणाली, "मोठा म्हणेल, मी आधीच सांगितलं होतं." तेवढं एक वाक्य तिला ऐकायचं नव्हतं. धाकट्याने तर शपथच घातली होती. तिकडच्या पेपरात आलं नसावं, नाहीतर तुला कळलंच असतं.

आहे, दादा. तसंच आहे. बाळ झाल्यापासून तो ड्यूटी संपली की शीतगृहाच्या फाटकावर रखवालदार म्हणून उभा राहायचा. खाकी उतरवायची, पिशवीतला करड्या रंगाचा सदरा घालायचा आणि पहाटेपर्यंत ट्रकांच्या नोंदी करायच्या. त्याची बायको म्हणायची, आपण मागच्या गल्लीत एका खोलीत राहू. पण ती गल्ली हद्दीबाहेर. तुला विचारावं असं मी एकदा सुचवलं होतं. तो म्हणाला, "दादाकडे मागायचं असतं तर नोकरी कशाला धरली?"

त्याच्याबरोबर गाडीवर एक हवालदार होते. निवृत्तीला आलेले, सुपारी खाणारे, धाकट्याला 'जावईबापू' म्हणणारे, कारण हा कुठेही बसला की पेंगायचा. दोघांनी सकाळी एका आरोपीला कोर्टात पोचवलं आणि परत निघाले. गाडी धाकटा चालवत होता. सरळ रस्ता, लख्ख ऊन. त्याचा डोळा लागला. गाडी रस्ता सोडून पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर गेली. धाकट्याचं मनगट मोडलं. हवालदारकाका दवाखान्यात पोचेपर्यंत गेले.

तुला मी "मनगटाला थोडं लागलंय" असं लिहिलं होतं.

वकिलाने त्याला सांगितलं, ब्रेक लागला नाही म्हण, गाडी जुनीच आहे, कोणीही विश्वास ठेवेल. ठाण्यातल्या साहेबांनीही तसंच सुचवलं, त्यांनाही प्रकरण नको होतं. हा जबाबात म्हणाला, "ब्रेक चांगला होता. मला झोप लागली." झोप का लागली, तेही सांगितलं. आता निलंबन, परवानगीशिवाय दुसरी नोकरी केल्याबद्दल खात्याची चौकशी आणि वर कोर्टात खटला.

अपघातापासून तो, बायको आणि बाळ आमच्याकडेच असतात. मागच्या रविवारी हवालदारकाकू आल्या. दार मीच उघडलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार, आणि घ्यावंच त्यांनी. धाकटा बाळाला घेऊन बसला होता. त्याने बाळ बायकोकडे दिलं आणि उभा राहिला.

"काकू, मला शिव्या द्या," तो म्हणाला.

"त्याच द्यायला आले होते," त्या म्हणाल्या. मग खुर्चीवर बसल्या. "आता तरी झोपतोस का रे?"

त्याने मान हलवली. नाही म्हणून.

"हे घरी येऊन सांगायचे मला. आज पोराला मागच्या सीटवर आडवा केला, म्हणे, आणि साहेब आले तेव्हा सांगितलं, चौकशीला पाठवलाय. रोज गाडी हेच चालवायचे ना?"

"रोज काकाच चालवायचे."

"त्या दिवशी डोळ्यांत औषध घातलं होतं त्यांच्या. म्हणून तुझ्याकडे दिली." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "मीच घातलं होतं औषध."

मी चहा टाकला, तो कोणी प्यायलं नाही. जाताना त्यांनी बाळाच्या गालाला हात लावला आणि आईला म्हणाल्या, "याला एकटं सोडू नका." तेव्हापासून आम्ही आळीपाळीने त्याच्याजवळ बसतो. तो काही करेल असं नाही. तो काहीच करत नाही, याचीच भीती वाटते.

दादा, तू मला विचारलं होतंस की योग्य पगार म्हणजे किती. आकडा तुझा तू काढ, तुला तो येतो. मला एवढंच कळतं की एका नोकरीत घर चालावं आणि माणसाला घरी येऊन झोपता यावं. ज्याच्या हातात गाडी देता, बंदूक देता, दुसऱ्याला कोठडीत घालायची सत्ता देता, त्याचे डोळे उघडे राहतील एवढं तरी द्या. यापेक्षा जास्त काही नको. जे आनंदाने बाहेर काम करतात असं तुमचे सदस्य म्हणतात, त्यांच्यातला एक आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला आहे.

माझं पहिलं पत्र बैठकीत वाचू नकोस. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. हे वाच. आणि वाचताना एवढं सांग, की हा माझा भाऊ आहे.

तुझी,
मधली


११ ऑक्टोबर

दादा,

तुझी दोन्ही पत्रं वेळेवर मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण उत्तर लिहायला बसलं की हात थांबायचा. आज लिहून टाकते.

तुमचा अहवाल पेपरात आला त्या दिवशी मी दवाखान्यातून परत येत होते. कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्याउभ्याच वाचला. सुरुवातीचा पगार जवळपास होता तसाच. कारण दिलंय, 'प्राप्त अर्जांची संख्या पाहता वाढीची निकड दिसून येत नाही.' आणि त्याखाली नवीन कलम: 'एका शिपायाने खाजगी नोकरी पत्करल्यामुळे कर्तव्यावर असताना अपघात होऊन जीवितहानी झाल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, अशी नोकरी करणाऱ्या शिपायास तत्काळ सेवेतून कमी करण्यात यावे.'

पेपर लपवावा असं मनात आलं होतं, पण घरी पोचले तेव्हा तो आधीच वाचत बसला होता. हसला. कितीतरी महिन्यांनी हसला.

म्हणाला, "दादाचं वाक्य आहे हे."

मी म्हटलं, "कशावरून?"

"सबब. दादा लहानपणी आईला चिठ्ठी लिहायचा तेव्हासुद्धा सबब लिहायचा. 'क्रिकेटला जात आहे, सबब उशीर होईल.'" मग पेपराची नीट घडी केली. "त्याला कळलं होतं तर. तूच कळवलंस ना?"

मी हो म्हटलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. तू पगारवाढीचा परिच्छेद लिहिला होतास, माझं झोपेचं वाक्यही त्यात घेतलं होतंस, आणि शेवटच्या बैठकीत तो निम्मा भाग कापला गेला, अपघाताचा तेवढा उरला. माझा यावर विश्वास आहे. तू खोटं लिहीत नाहीस. उरलेला भाग नियमाच्या भाषेत बसवून देणं हे तुझं कामच होतं, हेही मला समजतं. आपला भाऊ आहे हे सांगितलं नाहीस, कारण पक्षपात वाटला असता, असं लिहिलंयस. मी तेवढंच तर मागितलं होतं, दादा. ते ऐकून त्यांच्यातल्या एखाद्याने तरी मान वर केली असती. न सांगितल्यामुळे तो नुसता 'एक शिपाई' झाला. 'निदर्शनास आला.'

त्या कलमाखाली सगळ्यात आधी त्यालाच काढलं. चौकशी रखडली होती, ती एकदम उरकली. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. वकील कपाळावर हात मारून घेत होता. हवालदारकाकू साक्षीला आल्या आणि शिक्षा कमी करा म्हणाल्या. न्यायाधीश त्यांच्याशी फार आदराने बोलले आणि वर्षाची शिक्षा दिली. निकाल ऐकल्यावर धाकट्याने आमच्याकडे नाही, काकूंकडे बघितलं.

तुरुंगात त्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय, कारण बाकीच्यांपैकी काहींना त्यानेच आत पाठवलेलं आहे. दिवसभर एकटाच. तिथले शिपाई त्याच्याशी बरे वागतात. त्यातला एक, अगदी मिसरूड फुटलेला, मला फाटकाशी हळूच म्हणाला, "ताई, मीपण संध्याकाळी एका दुकानात जातो. आता बंद करावं लागणार. घरी काय सांगू ते कळत नाही." याचं उत्तर तुझ्याकडे असेल तर कळव.

बायको बाळाला घेऊन माहेरी गेली आहे. भांडण नाही, खोलीच्या भाड्याला पैसे नाहीत, एवढंच. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली. आई आता जिन्यातल्या बायकांशी बोलत नाही. ते कलम कोणी लिहिलं हे तिला माहीत नाही. मी सांगणार नाही, धाकटाही सांगणार नाही. तुझा फोन येतो तेव्हा ती पहिल्यासारखंच बोलते, तसंच बोलू दे. जिवंतपणी तिला दोन्ही मुलगे असू देत.

मी तुला दोष देते का, असं तू विचारलंस. पुष्कळ रात्री देते. मग सकाळी आठवतं की पत्र मी लिहिलं होतं. तू फक्त त्यातलं जे चाललं ते चालवलंस.

तो चांगला झोपतो, असं परवा म्हणाला. मला आनंद व्हायला हवा होता. तुरुंगात त्याला झोप लागते, दादा. भाडं नाही, फाटक नाही, पिशवीत दुसरा सदरा नाही. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर लाज होती.

दर गुरुवारी भेट असते. दोघांनाच आत सोडतात. आईला आणि मला. तू आलास तर माझ्या जागी जा, मी फाटकाबाहेर थांबेन. काय बोलावं ते सुचलं नाही तर नुसता समोर बस. तोही काही विचारणार नाही.

तुम्हा दोघांची,
बहीण