शागीर्दांच्या वह्या

१२ जानेवारी, रविवार. अकोला
मुशायरा लुटला! तीस वर्षं गझला लिहून राहिलो, पण अशी दाद कधीच नाही. एक शेर तर तीनदा म्हणायला लावला —
फुलांचा भार डोक्यावर पहाटे वाहते आई
सुगंधाला वजन नाही, तरी का मान अवघडते
संयोजक रामराव डोळे पुसतच मंचावर आले. "शेखरजी, तुमच्या आई फुलं विकत होत्या काय हो?" मी मान हलवली. कशाला हलवली? आई जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होती!

१३ जानेवारी
अमरावतीला परत. ते मान हलवणं काही डोक्यातून जाईना. हा शेर लिहिला कधी, तेही आठवेना. दर गुरुवारी शागीर्द इस्लाहसाठी वह्या ठेवून जातात, मी लाल पेनानं त्यांच्या ओळी दुरुस्त करतो. बावीस वर्षं हेच चाललंय. आज सगळ्या वह्या काढून बसलो.
पौर्णिमाच्या वहीत सापडला. बडनेऱ्याची पौर्णिमा, सकाळी आईसोबत फुलं विकते आणि मग माझ्याकडे येते, ती. शेर तिचा. सगळाच्या सगळा तिचा! वाटलं, निदान दुसरी ओळ तरी माझी असेल. माझ्या पेनानं फक्त एक स्वल्पविराम दिला होता.
मी तिला काय शिकवलं? वृत्ताचं लगागागा मोजायला. टोपली तिची, मान तिच्या आईची. दुसऱ्याची ओळ इतकी घोळवायची की ती आपल्याच तोंडची वाटायला लागते — आमचा धंदाच तसा. नाही. मीच तसा.

१६ जानेवारी, गुरुवार
पौर्णिमानं तिच्या स्वतःच्या संग्रहासाठी गझला पक्क्या लिहून आणल्या. त्या गझलेत सहाच शेर. सातवा कुठाय?
"काढला, सर."
"काहून?"
"लोकं म्हणतीन, पोरीनं सराचा चोरला. अकोल्याचा व्हिडिओ साऱ्याईच्या मोबाइलवर फिरून राहिला ना."
आवाजात तक्रार नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. आणि मी काय केलं? उरलेल्या सहा शेरांच्या मात्रा तपासल्या! भेकड!

१७ जानेवारी
रामरावांना फोन लावला. उचलायच्या आत कापला.

२६ जानेवारी, रविवार
आज सांगून टाकलं. अमरावतीतलाच कार्यक्रम, रामरावही आले होते. माइकवर म्हणालो, तो शेर माझा नाही. माझ्या शागीर्दाचा आहे, पौर्णिमाचा. माझी आई फुलं विकत होती, तेही खोटं.
आणि मग टाळ्या! रामरावांनी कडकडून मिठी मारली. "उस्ताद असावा तं असा! आपला शेर पोरीच्या पदरात टाकला!" अहो, खरंच तिचा आहे हो! मी घसा फोडून सांगतोय, आणि जितकं सांगावं तितकी दाद वाढतेय.
पौर्णिमा शेवटच्या रांगेत होती. उठून गेली.

३० जानेवारी, गुरुवार
आली. बसली नाही. वही परत मागितली.
"काल दुकानावर एक मॅडम मले म्हणे, सरानं तुले केवढं मोठं दान देलं! आता मी काही बी लिवलं तरी ते सराचंच राहीन."
"पौर्णिमा, मी पेपरात छापून देतो."
"नका देऊ, सर. अजून टाळ्या भेटतीन तुमाले."
मी वही काढून दिली. दारात थांबून म्हणाली, "कुंदनदादानं लिवणं काहून सोडलं, तुमी कधी विचारलं त्याईले?"
कुंदन माझा पहिला शागीर्द. बडनेऱ्यात रेल्वेत आहे, तिच्याच गल्लीत राहतो. बारा वर्षांपूर्वी यायचा बंद झाला. ड्युटीमुळे जमत नसेल, असं मीच लोकांना सांगत आलो. विचारलं कधीच नाही.

३१ जानेवारी
कुंदनची जुनी वही माझ्याकडेच राहून गेली होती. आज उघडली. ज्या शेरावरून मी माझ्या संग्रहाला नाव दिलं, तो सातव्या पानावर आहे. त्याच्या अक्षरात.
बारा वर्षांपूर्वी संग्रहाची पहिली प्रत मी त्यालाच दिली होती. पाठीवर थाप मारून, सही करून.