पांढरीची माती

८ जानेवारी
सातवी वस्ती! आणि तीही आमच्याच जुन्या वावरात, जे आता आनंदरावकाका कसतात. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, जमीन उघडी होती. दहा पावलांत एकोणचाळीस खापरं. काळी-तांबडी, पातळ, चाकावर घडवलेली. तीनदा मोजली. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी इथे माणसं राहत होती — उमरेडच्या या बाजूला, जिथे आजवर कोणी वही घेऊन फिरकलंसुद्धा नाही!

काका बांधावरून ओरडले, "सोनं निघालं त सांगजो वं! अर्धं माह्यं!"

९ जानेवारी
शहरात, नंदनवनला घरी आले ती एक खापर घेऊनच. (काकांना विचारून, नोंद करून. परत ठेवायचं आहे.) हसतच बाबांच्या डाव्या हातात दिलं. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात मांडीवर नुसता पडून असतो. कुठल्या वावरातलं ते सांगितलं. अंगठा काठावरून फिरवत किती तरी वेळ बसले. मग डोळे भरून आले.

आई म्हणाली, "आनंदानं हो. आजकाल लगेच रडतात."

मीही रडले. दम्यामुळे तिसरीपर्यंत मी शाळेत गेले नाही. अक्षरं, पाढे, मातीचे रंग, सगळं बाबांनी त्याच वावराच्या बांधावर बसून शिकवलं. आणि आता तिथेच गाव निघालं!

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन बेसाला कामिनी मॅडमकडे, माझ्या मार्गदर्शक. "सात वस्त्या! निबंधाचं नावच हे ठेव." पुढच्या महिन्यात परिषद आहे. गोषवारा तिथूनच पाठवला.

एक गोष्ट बोलले नाही. माणसं पिढ्यान् पिढ्या एका जागी राहिली की तिथली जमीन वर येते. माझ्या सातही जागा सपाट आहेत.

१९ जानेवारी
काका वावरात विहीर खणतायत. शिडीने आत उतरून बघितलं. वरच्या वीतभर मातीत खापरं. त्याखाली नुसती काळी, कोरी माती, अगदी तळापर्यंत. राख नाही. चूल नाही. एक हाडसुद्धा नाही.

काकूने वाढलेलं ताट तसंच ठेवलं.

२० जानेवारी
शेजारच्या वावरात अंजनाबाई हरभऱ्याची भाजी खुडत होत्या. आमच्या ओळखीतल्या सर्वांत म्हाताऱ्या.

"काहून वं, तोंड काहून उतरलं?"

विचारलं, ही खापरं इथे केव्हापासून आहेत?

"हे इथलं नोहे, बाई. हे पांढरीचं."

पांढरी म्हणजे जुनं गाव उठून गेल्यावर उरलेलं टेकाड. राखेने पांढरट झालेली तिची भुसभुशीत माती शेताला खतासारखी.

"साऱ्यायनं नेली. तुह्या बापानं त ट्रॅक्टरच लावला होता, तीन उन्हाळे. शेवटच्या उन्हाळ्यात तू पोटात होती. कापूस असा झाला का विचारू नको! तुह्या मायले शालू त्याच वर्षी."

आणि हसल्या. मग बोटांवर वावरं सांगू लागल्या — कोणाकोणाच्या वावरात ती माती गेली. सात. माझ्या नकाशावरचे सात ठिपके.

२१ जानेवारी
पांढरी बघून आले. म्हणजे तिची जागा. तूर उभी आहे. एका कडुलिंबाच्या मुळांनी धरून ठेवलेला खाटेएवढा तुकडा तेवढा उरला आहे, हातभर उंच. त्याच्या कडेला थर दिसतात. सारवण, राख, सारवण, राख. अकरा वेळा कोणीतरी ती जमीन सारवली होती. बारावा थर मोजताना डोळे भरून दिसेना झालं.

सात वस्त्या नव्हत्याच. एक होती. ती आता सात वावरांत नांगरली जाते.

बाबांना काय माहीत होतं! खत म्हणून नेली.

२४ जानेवारी
मॅडम म्हणाल्या, "एक बाई सांगते म्हणून सगळं खोडणार? तळटीप टाक — 'माती बाहेरून आली असण्याची शक्यता'. सातच राहू दे."

मला तसं करावंसं वाटलं. तळटीप असली की आपण काही लपवत नाही, असं वाटलं. निबंधासाठी कमी, बाबांसाठी जास्त. एक टेकाड राहिलं असतं तर बरोबर उत्खनन झालं असतं, घरं कळली असती, माणसं कळली असती. हे बाबांना कोणत्या तोंडाने सांगू? डॉक्टर म्हणतात, त्यांना धक्का बसेल असं काही नको.

२८ जानेवारी
आई बाबांचे केस पुसताना म्हणाली, "आता तुमच्या वावराचं नाव पुस्तकात येणार!"

मी गॅलरीत जाऊन वाळलेले कपडे पुन्हा झटकत बसले.

१ फेब्रुवारी
निबंध नव्याने लिहिला. सात खोडून एक. 'टेकाडाची माती स्थानिक शेतकऱ्यांनी खत म्हणून वाहून नेली.' या वाक्यात खोटं काही नाही. तरी दहा वेळा वाचलं.

मॅडमनी परिषदेतून माझं नाव काढलं. फोनवर एवढंच म्हणाल्या, "तुझी मर्जी."

बाबांना अजून सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी
सकाळी बाबांनीच कागदांकडे बोट दाखवलं. "वाच." टाळता आलं नाही. त्या वाक्यावरून घाईने पुढे जाऊ लागले. त्यांनी डावा हात वर केला.

"कोन्या... शेतकऱ्यानं?"

मी पान उलटू लागले.

"खापर हातात आलं... तवाच ओळखलं होतं मी, हे पांढरीचं. तू हासून राहिली होती. म्हनून बोललो नाही." पुढे बराच वेळ नुसते ओठ हलत राहिले. "नाव लिही माह्यं."

लिहिलं.