अंगठ्याएवढं मुखपृष्ठ

४ फेब्रुवारी

नापास! ताईच्या नव्या कादंबरीचं मुखपृष्ठ – महिनाभर खपून केलेलं – प्रकाशकांच्या चिरंजीवांनी परत पाठवलं. ‘छान आहे हो काकू, पण फोनवर नुसत्या मुंग्या दिसतात.’

मुंग्या! गच्चीवरच्या दोऱ्या आहेत त्या, आणि वाळत घातलेले कपडे. ताईची नायिका लाँड्री चालवते. एकेक कपडा एकेका माणसाचा. बटण तुटलेला शर्ट मास्तरांचा, उसवलेला फ्रॉक धाकटीचा. पुस्तक वाचून मिटलं की वाचकाने मुखपृष्ठावर एकेकाला ओळखावं, म्हणून मी सगळं हस्तलिखित दोनदा वाचलं. चिरंजीवांनी एकदाही नाही. ‘लोक पुस्तक अंगठ्याएवढं बघतात आणि पुढे सरकतात, काकू.’

आजपासून त्यांचं नाव अंगठेबहाद्दर.

७ फेब्रुवारी

अक्षरं मोठी करा. आणखी मोठी. दोऱ्या काढा. फ्रॉक काढा. मलाच काढा!

९ फेब्रुवारी

एकच शर्ट उरला. लाल, भला मोठा. अंगठेबहाद्दर खूश – ‘आता कसं ठसठशीत!’

ताईला पाठवला. ती म्हणाली, ‘बरा आहे.’ तिच्या पहिल्या पुस्तकापासूनची सगळी मुखपृष्ठं माझी. आजवर भांडली, नाचली, एकदा तर रडलीसुद्धा. ‘बरा आहे’ कधी म्हणाली नव्हती.

१४ फेब्रुवारी

हद्द झाली! मुखपृष्ठ आता वाचक निवडणार म्हणे. फोनवर मतदान. ‘अ’ म्हणजे माझा शर्ट. ‘ब’ कॉम्प्युटरने बनवलेलं. आणि ‘ब’मध्ये काय? गच्ची. दोऱ्या. बारीक बारीक कपडे!

‘तुमचीच जुनी मुखपृष्ठं दाखवली त्याला आणि गच्ची, दोऱ्या, कपडे काढ म्हटलं,’ अंगठेबहाद्दर कौतुकाने सांगतायत. ‘घरचाच माल, काकू!’ मला विचारायची पद्धत नाही? आणि मुंग्यांचं काय झालं? ‘सध्या जुन्या स्टाइलची चलती आहे.’ दहा दिवसांत चलती बदलली!

निरखून पाहिलं. एका शर्टाला तीन बाह्या. वा रे पठ्ठ्या!

१५ फेब्रुवारी

प्रतिक्रिया वाचू नयेत म्हणतात. वाचल्या. माझ्या लाल शर्टाखाली एकीने लिहिलंय – ‘हे उघडउघड मशीनचं काम आहे. कलाकारांच्या पोटावर पाय देऊ नका.’ त्यावर ढीगभर लोकांनी बदाम ठोकलेत.

माझ्याच बाजूने माझ्याविरुद्ध! उत्तर लिहायला घेतलं, पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.

१७ फेब्रुवारी

आईचा फोन. ‘मत दिलं गं! शेजारणींनाही द्यायला लावलं. किती निगुतीनं काढलायस एकेक कपडा!’

‘आई, तू नक्की कशाला दिलंस?’

‘तुझ्यालाच की. त्या दोऱ्यांच्या. दुसरं ते साबणाच्या जाहिरातीसारखं... ते कुणाचं गं?’

सांगितलं नाही. दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला. दूध कुठलं आलंय! भयंकर चिडले. आईवर नाही. मग कुणावर, तेच कळेना. भांडी आपटून आपटून घासली.

१८ फेब्रुवारी

दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. शर्टात मास्तर नाहीत, धाकटी नाही, कुणीच नाही. ‘ब’मध्येही नाहीत – मशीनने पुस्तक कुठे वाचलंय! पण त्यातली रेघ माझी आहे. पंचविशीतली. ती मी कुणाच्या तरी अंगठ्यासाठी पुसून टाकली, तीही आठवडाभरात. फार लाज वाटली. रागही तेवढाच आला.

२० फेब्रुवारी

मतदानाचा शेवटचा दिवस. मीही मत दिलं. ‘ब’ला. तीन बाह्यांसकट.

ताईपासून लपवणं जमेना. फोन करून सांगून टाकलं. ती म्हणाली, ‘मी पण ‘ब’लाच.’