कुंडीतलं केशर

शनिवार, ९ सप्टेंबर २००६
केशर लावलं! कॉव्हेंट्रीत, मागच्या अंगणात, तीन कुंड्यांत. चर्चच्या सेलमध्ये एका म्हाताऱ्या बाईंकडे कागदी पिशवीत कंद होते. "ऑटम क्रोकस, लव्ह," म्हणाल्या. केशर क्रोकसचंच, आणि येतंही ऑटममध्येच – आणखी काय हवं? तीस तारखेला रघुवीर पासष्ट वर्षांचे होणार. वीस माणसं जेवायला, केशरी श्रीखंड, आणि केशर बायकोच्या हातचं! माझ्या मैत्रिणीला, मंजिरीला, फोन करून सांगितलंसुद्धा. "सुप्रभा, तू पण ना," म्हणाली. जळली.

सोमवार, २५ सप्टेंबर
फुललं! पान एकही नाही, मातीतून थेट जांभळी फुलं. अकरा! रघुवीरना अनवाणीच बाहेर ओढलं. "छान आहे. चहा कधी?" जन्मभर डॉक्टरकी केली, रसिकता शून्य.

बुधवार, २७ सप्टेंबर
आठ फुलांतले तंतू चिमट्याने काढून वाळत घातले. तीन फुलं शोभेला ठेवली. तंतू पिवळेच आहेत. वाळले की लाल होतील.

गुरुवार, २८ सप्टेंबर
आज वरदाला रडवलं. अजय आणि सूनबाई ऑफिसातून येईपर्यंत नात माझ्याकडेच असते. वय नऊ. शाळेत फुलाचे भाग चाललेत. मी पोळ्या करत होते, तेवढ्यात हिने शोभेतलं एक फूल उभं चिरलं, भाग सुटे करून शीटवर सेलोटेपने चिकटवले. वर चमच्याने कुंडी उकरली!
"ओव्हरी मातीच्या खाली असतो, आजी. तिकडे बी बनते."
मी ओरडलेच. रडत होती, पण शिकवणं थांबेना – "पाकळी हनीबीला बोलावते. हा स्टेमन, हा पोलन बनवतो, म्हणून यलो. मधला स्टिग्मा पोलन पकडतो. सॅफ्रन म्हणजे स्टिग्मा, तो रेड असतो. आणि क्रोकसला स्टेमन तीन असतात. तुझा सहा आहे."
"माझी फुलं सढळ आहेत," म्हटलं. एवढीशी पोर मला केशर शिकवणार!
रात्री मात्र फार वाईट वाटलं. फुलासाठी पोरीला रडवलं मी.

शुक्रवार, २९ सप्टेंबर, दुपार
चक्का काय सुरेख उतरलाय! तंतू कोमट दुधात भिजत घातले. रंग चढेना, म्हणून होते नव्हते तेवढे सगळे टाकले. कामं करताना चक्क गुणगुणत होते. वरदा आली की श्रीखंड फेटायला घेईन, तिलाच चव बघायला देईन. तेवढाच रुसवा जाईल.

शुक्रवार, संध्याकाळ
वरदाने एक फूल डब्यात लपवून शाळेत नेलं होतं. तिला आणायला गेले तर तिच्या बाई पुस्तक घेऊन गेटवर उभ्या. सहा स्टेमन म्हणजे हे क्रोकस नव्हेच, दुसरंच झाड. मुळापासून पाकळीपर्यंत विषारी.
दूध सिंकमध्ये ओतलं. वरदाची माफी मागितली.
उद्या वीस माणसं जेवून धड घरी जातील, ती तिच्यामुळे.