भिंत हसत नाही

बाई, गेल्या रविवारी मी तुमची भिंत वापरली, आणि आपल्या हातून एक घर मोडलं की काय असं वाटून गेलं.

तुम्हाला कदाचित आठवणार नाही. सातवीत कविता वाचायला उभी राहिले की माझा आवाज फाटायचा आणि वर्ग हसायचा. एकदा तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून उभं केलंत. मला वाटलं, शिक्षाच. तुम्ही म्हणालात, "भिंत हसत नाही. वाच. आणि ती वळेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही." त्याच वर्षी माझी शाळा सुटली. पुढे लग्न झालं, ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीमागे लखनौला आले, हाताला लागेल ते वाचत राहिले. कविता मात्र अजूनही भिंतीकडे बघूनच वाचते.

हे गेल्यावर घर फार गप्प झालं. म्हणून निशातगंजच्या या पुढच्या खोलीत दर रविवारी आपल्या मराठी घरांतली मुलं बसवते. एक कविता दोनदा मोठ्यानं वाचायची, मग स्वतःची लिहायची. मुलांना मराठी समजतं, पण उत्तरं हिंदीत. "आंटी, तुकबंदी ज़रूरी है क्या?" मी म्हणते, यमक नसलं तरी चालेल, पण डोळ्यांनी पाहिलेलं हवं. हे तुमचंच वाक्य. ते केवढ्याला पडू शकतं, हे तुम्ही सांगितलं नव्हतंत.

तर गेल्या रविवारी एका बारा वर्षांच्या मुलीला मी भिंतीकडे वळवलं आणि बाकीच्यांना तुमचा नियम सांगितला. तिचे वडील आसामला पोस्टिंगवर आहेत, असं तिची आई कधीपासून सगळ्यांना सांगते आहे. मुलगी वाचायला लागते आणि तेवढ्यात तिला न्यायला आलेली आई दारात उभी. मुलीची तिच्याकडे पाठ. आईला वाटतं शिक्षा केली आहे. ती बोलणार, तर बाकीची मुलं ओठांवर बोट ठेवून तिलाच गप्प करतात. मुलगी वाचते आहे:

"पप्पांची पोस्टिंग लांब आहे.
चारबागला पप्पा स्कूटरवर दिसले.
निळा शर्ट होता.
मैंने आवाज़ नहीं दी."

चारबाग म्हणजे इथलंच, लखनौचं स्टेशन, बाई. मी तिला पहिल्याच ओळीला थांबवू शकले असते. नुसती हाक मारायची होती. तुमचा नियम पाळला असं म्हणायला बरं वाटेल, पण माझी जीभच उचलली नाही.

ती वळली, आई दिसली, आणि कागद पाठीमागे गेला. ही मुलगी आता पुन्हा येत नाही, हे मी धरूनच चालले. आई चपला न काढताच आत आली. कागद मागून घेतला, उभ्या उभ्या वाचला. मग अगदी हळू म्हणाली, "निळा नव्हता गं. राखाडी होता."

म्हणजे तिनंही पाहिलं होतं. दोघी एकाच घरात राहून एकमेकींपासून तेच लपवत होत्या.

"नीला ही था, मम्मी."

"बरं. घरी बोलू." आणि कागद पर्समध्ये घालून ती मुलीला घेऊन गेली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आठवडाभर मी दारावरची प्रत्येक थाप ऐकून दचकत होते. आज मुलगी आली. तोच कागद घेऊन आली, घड्या पडलेला. निळा शर्ट तसाच होता.

हे पत्र कुठे टाकणार, बाई, तुमचा पत्ताही माझ्याकडे नाही. मुलं गेल्यावर भिंतीकडे तोंड करून वाचून पाहिलं, तेव्हा एक गोष्ट लिहायची राहिलेली सापडली. ह्यांच्या फोनवर अजून कधीतरी कुणी विचारतं, साहब हैं? मी सांगते, "बाहर गए हैं."